घरी बांधलेल्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरची पुनर्बांधणी

घरी बांधलेला व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या निर्वात नळ्यांवर (व्हॉल्व्हवर) चालणारा ध्वनिवर्धक, बरीच वर्षे वाजला की त्यात हळूहळू घरघर येऊ लागते, एका बाजूचा आवाज दबतो, नाहीतर आउटपुट व्हॉल्व्ह वेळेआधीच निकामी होऊ लागतात. अशा वेळी बहुतेकांचा हात सर्वांत आधी महागड्या कपॅसिटरकडे किंवा नव्या व्हॉल्व्हकडे जातो. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आवाजात खरा फरक पडतो तो वीजपुरवठा, तारांची आणि अर्थिंगची मांडणी, आणि व्हॉल्व्हला दिलेला कार्यबिंदू (सिग्नल नसताना त्याच्यावर असणारे व्होल्टेज आणि त्यातला प्रवाह) या तीन ठिकाणी. तिन्ही ठिकाणची कामे मल्टिमीटर आणि संयम यांच्या जोरावर होतात, आणि ती झाल्याशिवाय महागड्या भागांचा गुण कानाला कळतच नाही.

पुढचे सारे विवेचन नेमके राहावे म्हणून एक उदाहरण समोर ठेवतो. दोन चॅनेलचा, सिंगल-एंडेड, म्हणजे प्रत्येक चॅनेलला एकच आउटपुट व्हॉल्व्ह पूर्ण लहर वाढवतो असा ॲम्प्लिफायर आहे. पहिल्या, इनपुटच्या टप्प्यात एक ईसीसी८३ हा जोड-व्हॉल्व्ह, त्याचा एकेक अर्धा भाग एकेका चॅनेलला. प्रत्येक चॅनेलच्या शेवटी एक ईएल८४ हा आउटपुट व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हच्या आत हीटरने तापलेला कॅथोड इलेक्ट्रॉन सोडतो, प्लेट ते गोळा करते आणि मधली ग्रिड तो प्रवाह आवरते; ईएल८४ मध्ये स्क्रीन ही आणखी एक जाळी असते. वीजपुरवठ्यासाठी २५०-०-२५० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर. आणि मूळच्या ईझेड८१ रेक्टिफायरच्या (एसीचे डीसी करणाऱ्या व्हॉल्व्हच्या) जागी मध्येच कधीतरी बसवलेले सिलिकॉन डायोड. अशी यंत्रे फार आढळतात आणि त्यांच्या तक्रारीही सारख्याच असतात. ईएल३४ किंवा ६एल६ वापरलेल्या मोठ्या ॲम्प्लिफायरमध्ये आकडे बदलतील, पद्धत बदलणार नाही.

हात घालण्यापूर्वी

या पेटीतील विजेचा दाब (व्होल्टेज) जीव घेऊ शकतो, आणि प्लग काढल्यावरही तो नाहीसा होत नाही. एकूण १०० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर ३५० व्होल्टवर भरलेले असतील तर त्यांत सुमारे ६ ज्यूल ऊर्जा साठलेली असते. म्हणून पहिली सुधारणा म्हणजे पहिल्या फिल्टर कपॅसिटरवर कायमचा ब्लीडर रेझिस्टर, म्हणजे साठलेला दाब हळूहळू उतरवणारा रेझिस्टर, बसवणे. २२० किलोओम, २ वॅटचा रेझिस्टर पुरतो. त्यावर ३५० व्होल्टला अर्ध्या वॅटहून थोडी अधिक उष्णता निघते आणि बंद केल्यावर साधारण दोन मिनिटांत दाब तीन व्होल्टच्या खाली येतो. ब्लीडर असला तरी प्रत्येक वेळी मीटर लावून खात्री करावी, कारण ब्लीडरचे टोकही कधी सुटू शकते. कपॅसिटर हाताने रिकामा करायचाच असेल, तर १० किलोओम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेशन असलेल्या क्लिपांना जोडून ठेवावा. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडण्याची सवय मात्र सोडून द्यावी. त्याने कपॅसिटरच्या आतील जोड दुखावतो आणि डोळ्यालाही धोका असतो.

चालू यंत्रात मोजमाप करताना मीटरची काळी तार क्लिपने चॅसिसला आधीच अडकवावी, लाल तार एकाच हाताने टेकवावी आणि दुसरा हात धातूपासून दूर ठेवावा. दोन पिनांच्या प्लगवर चालणारा ॲम्प्लिफायर असेल, तर तीन पिनांची वायर बसवून अर्थची तार चॅसिसवर स्वतंत्र बोल्टला, दातेरी वॉशर घालून आणि रंग खरवडून घट्ट करावी. या बोल्टवर दुसरे काहीही बांधू नये. जुन्या यंत्रांत मेन्सच्या एका तारेपासून चॅसिसला जोडलेला एखादा कपॅसिटर आढळतो. तो काढून टाकावा. गोंगाट गाळण्यासाठी तसा कपॅसिटर हवाच असेल, तर लाइन आणि न्यूट्रलच्या मध्ये एक्स वर्गाचा आणि अर्थकडे जाणारा वाय वर्गाचाच वापरावा. पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत (मेन्सकडच्या वाइंडिंगमध्ये) स्लो-ब्लो फ्यूज असावा आणि तो लाइनच्या तारेत, स्विचच्या आधी असावा.

आधी नोंद, मग बदल

सोल्डरिंग आयर्न तापवण्यापूर्वी यंत्र आज जसे आहे तसे कागदावर उतरवणे हे मी या कामाचे सर्वांत मोलाचे पाऊल मानतो. मूळ नकाशा हाताशी असला तरी त्यावर विसंबू नये, कारण बांधणाऱ्याने जागच्या जागी केलेले बदल त्यात क्वचितच नोंदवलेले असतात. प्रत्येक सॉकेटच्या पिनेपासून निघणारी तार बोटाने माग काढत शेवटपर्यंत न्यावी आणि प्रत्यक्षात जे आहे ते काढावे. मग चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत.

या टप्प्यावर डोळ्यांनी पुष्कळ कळते. ईएल८४ च्या सॉकेटखाली, सातव्या आणि नवव्या पिनेच्या आसपास भिंगातून पाहावे. सॉकेटच्या अंगावर दोन पिनांमध्ये काळपट, झाडाच्या मुळासारखी रेघ उमटलेली असेल, तर तिथून एकदा ठिणगी गेली आहे आणि पुन्हा जाणार आहे; ती पुसून चालत नाही, सॉकेटच बदलावे लागते. स्क्रीनच्या रेझिस्टरवरील रंगपट्टे तपकिरी पडून एकमेकांत मिसळले असतील, तर व्हॉल्व्हने कधीतरी मर्यादेबाहेर प्रवाह ओढला आहे. सोल्डरचा जोड करड्या रंगाचा, दाणेदार दिसत असेल आणि तार हलवल्यावर त्याच्याभोवती बारीक वर्तुळाकार भेग दिसत असेल, तर अधूनमधून होणारा खरखराट बहुधा तिथलाच असतो.

यानंतर यंत्र चालू करून व्होल्टेजचा तक्ता करावा. हे काम बल्ब-लिमिटर लावून करावे, म्हणजे मेन्सच्या लाइनमध्ये ६० ते १०० वॅटचा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये जोडावा. एलईडी बल्ब यासाठी उपयोगाचा नाही. यंत्र निरोगी असेल तर बल्ब क्षणभर उजळून मंद होतो. तो पूर्ण उजेडाने पेटून राहिला, तर आत कुठेतरी शॉर्ट आहे असे समजून लगेच बंद करावे. लिमिटरवर सारे ठीक दिसल्यावर यंत्र थेट मेन्सवर घ्यावे आणि दहा-पंधरा मिनिटे तापू देऊन प्रत्येक पिनेवरचा दाब नोंदवावा. लिमिटर मध्ये असताना घेतलेले आकडे कमी येतात, त्यामुळे त्यांवरून निष्कर्ष काढू नये. या सर्व काळात स्पीकरच्या जागी ८ ओम, २५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर जोडलेला असावा. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला (आउटपुट व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मधल्या) भार नसताना सिग्नल दिला, तर प्रायमरीवर, म्हणजे व्हॉल्व्हकडच्या वाइंडिंगवर, दाबाचे उंच झटके उठतात आणि त्यांनी वाइंडिंगचे इन्सुलेशन फुटू शकते. एवढी एक गोष्ट विसरल्याने चांगले ट्रान्सफॉर्मर वाया जातात.

हीटरचा दाब याच वेळी मोजावा. जुना ट्रान्सफॉर्मर २२० व्होल्टसाठी गुंडाळलेला असेल आणि भिंतीतून २४० येत असतील, तर ६.३ व्होल्टच्या जागी जवळपास ६.९ मिळतात, म्हणजे दहा टक्क्यांच्या मर्यादेला टेकलेले. रेक्टिफायर व्हॉल्व्ह काढून डायोड बसवताना त्याचा हीटरही बंद झालेला असतो, आणि तो त्याच वाइंडिंगवर असेल तर भार हलका होऊन दाब आणखी वाढतो. दोन ईएल८४ चे प्रत्येकी ०.७६ अँपिअर आणि ईसीसी८३ चा ०.३ मिळून १.८२ अँपिअर होतात. हीटरच्या दोन्ही तारांत ०.१२ ओम, ५ वॅटचा एकेक रेझिस्टर घातला की दाब ६.४ च्या आसपास येतो. एकाच तारेत एकच रेझिस्टर घातला तरी दाब उतरेल, पण दोन्ही बाजूंचा समतोल बिघडेल आणि त्याचा परिणाम घरघरीवर होईल.

ट्रान्सफॉर्मरची पारख

पुनर्बांधणी करावी की नवे यंत्र बांधावे, हे ट्रान्सफॉर्मर ठरवतात. बाकी सारे बदलता येते. पॉवर ट्रान्सफॉर्मर सर्व व्हॉल्व्ह काढून अर्धा तास चालू ठेवावा. तो कोमट होणे साहजिक आहे, पण हात ठेववेनासा झाला किंवा वार्निशचा वास आला, तर त्याच्या आतले वेढे शॉर्ट झालेले असण्याची दाट शक्यता असते. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचा ओममध्ये रोध मोजून लिहून ठेवावा. तो पुढे कामी येणार आहे.

आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर काही लिहिलेले नसेल, तर त्याचे प्रमाण असे काढावे. तो सर्किटमधून पूर्ण सोडवावा आणि प्रायमरीला छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून सुमारे १० व्होल्ट एसी द्यावा. सेकंडरीवर (स्पीकरकडच्या वाइंडिंगवर) ०.४ व्होल्ट मिळाले तर प्रमाण २५ झाले. त्याचा वर्ग ६२५, आणि ८ ओमचा स्पीकर जोडल्यावर प्रायमरीकडून दिसणारा भार ६२५ गुणिले ८, म्हणजे ५००० ओम. ईएल८४ ला सिंगल-एंडेड जोडणीत सुमारे ५ किलोओमचा भार मानवतो, तेव्हा हा ट्रान्सफॉर्मर योग्य आहे. प्रयोग उलट्या दिशेने करू नये, सेकंडरीला ६.३ व्होल्ट दिले तर प्रायमरीच्या उघड्या टोकांवर दीडशेहून अधिक व्होल्ट येतात.

ट्रान्सफॉर्मर बदलण्याची तयारी असेल, तर खर्च करण्याजोगी जागा हीच आहे असे मी ठामपणे म्हणेन. सिंगल-एंडेड जोडणीत प्रायमरीतून सतत डीसी प्रवाह वाहतो. तो सोसता यावा म्हणून गाभ्यात हवेची फट ठेवलेली असते, आणि फटीमुळे घटणारे इंडक्टन्स भरून काढायला गाभा मोठा लागतो. लहान गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर खालचे स्वर देऊच शकत नाही, मग कपॅसिटर कितीही उंची असोत. पुश-पुलसाठी, म्हणजे दोन आउटपुट व्हॉल्व्ह आळीपाळीने काम करतात अशा जोडणीसाठी केलेला, बिनफटीचा ट्रान्सफॉर्मर इथे वापरला, तर गाभा डीसीनेच भरून जातो आणि आवाज पातळ व फाटका येतो.

वीजपुरवठा

ईझेड८१ च्या जागी डायोड बसवणे स्वतः चूक नाही. चूक होते ती त्यानंतर बाकीचे सर्किट तसेच ठेवण्यात. २५० व्होल्टच्या वाइंडिंगचा शिखर दाब ३५३ व्होल्ट असतो. व्हॉल्व्ह तापून प्रवाह ओढू लागेपर्यंत डायोड हा सगळा दाब कपॅसिटरवर टाकतात, आणि मेन्स दहा टक्क्यांनी वाढला तर तो ३८८ पर्यंत जातो. म्हणून ३५० किंवा ४०० व्होल्टचे जुने कपॅसिटर काढून ४५० व्होल्टचे, १०५ अंश तापमानाचे नवे बसवावेत. डायोडवर उलट दिशेने येणारा दाब याच्या दुप्पट असतो. १एन४००७ ची मर्यादा १००० व्होल्टची असल्याने इथे एकेक डायोड पुरतो, पण ३५०-०-३५० च्या ट्रान्सफॉर्मरवर प्रत्येक बाजूला दोन डायोड सिरीजमध्ये घ्यावेत.

रेक्टिफायर व्हॉल्व्ह परत बसवायचा असेल, तर पहिल्या कपॅसिटरचा आकार त्या व्हॉल्व्हच्या मर्यादेत ठेवावा लागतो. ईझेड८१ ला ५० मायक्रोफॅरड आणि जीझेड३४ ला ६० मायक्रोफॅरड ही उत्पादकांनी दिलेली मर्यादा आहे. सुधारणा म्हणून तिथे २२० मायक्रोफॅरड जोडणारे पाहिले की वाईट वाटते, कारण प्रत्येक वेळी चालू करताना त्या व्हॉल्व्हच्या कॅथोडचा थर झिजत असतो. क्षमता वाढवायची तर ती चोकच्या (पुरवठ्यातील चढउतार अडवणाऱ्या, गाभ्यावर गुंडाळलेल्या वेटोळ्याच्या) पुढे वाढवावी.

चोकचा फायदा आकड्यांत पाहण्यासारखा आहे. दोन्ही चॅनेल मिळून ११० मिलिअँपिअर ओढत असतील आणि पहिला कपॅसिटर ४७ मायक्रोफॅरडचा असेल, तर ५० हर्ट्झच्या विजेवर १०० हर्ट्झची सुमारे २३ व्होल्टची लहर (डीसीवर उरलेला चढउतार) त्यावर राहते. पुढे २२० ओमचा रेझिस्टर आणि आणखी ४७ मायक्रोफॅरड असतील, तर ती साडेसहापट घटून साडेतीन व्होल्टच्या आसपास येते, आणि त्या रेझिस्टरमध्ये २४ व्होल्ट वाया जाऊन पावणेतीन वॅट उष्णता होते. त्याच जागी ५ हेन्रीचा चोक घातला तर लहर नव्वदपटींहून अधिक घटून पाव व्होल्टवर येते. पुश-पुल जोडणीत ही लहर ट्रान्सफॉर्मरच्या दोन अर्ध्यांत एकमेकींना बरीच छेदते, म्हणून तिथे रेझिस्टरवर भागते. सिंगल-एंडेडमध्ये ती थेट स्पीकरपर्यंत पोहोचू शकते. तेव्हा सिंगल-एंडेड यंत्रात चोक हा चैनीचा भाग समजू नये. त्याचा प्रवाहाचा आकडा किमान १५० मिलिअँपिअर असावा आणि त्याचा गाभा आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याशी काटकोनात ठेवावा.

ईसीसी८३ चा पुरवठा यापुढे आणखी एका रेझिस्टर आणि कपॅसिटरमधून द्यावा, आणि जमल्यास दोन्ही चॅनेलसाठी तो वेगवेगळा करावा. चॅनेलमधले मिश्रण त्याने कमी होते.

तारा, अर्थिंग आणि घरघर

घरघरीचे मूळ शोधताना आधी तिचा स्वर ओळखावा. ५० हर्ट्झची घरघर खोल आणि गुळगुळीत असते. ती हीटरच्या तारांतून, मेन्सच्या तारा इनपुटजवळून गेल्याने किंवा अर्थ-लूपमधून (अर्थला दोन वाटा मिळून तयार झालेल्या वेढ्यातून) येते. १०० हर्ट्झची घरघर अधिक कर्कश असते आणि ती फिल्टरच्या कमतरतेची किंवा चुकीच्या अर्थिंगची खूण असते. ईसीसी८३ काढल्यावर घरघर थांबली तर दोष पहिल्या टप्प्यात आहे. तरीही राहिली तर शेवटच्या टप्प्यात किंवा पुरवठ्यात. आवाजाचे बटण पूर्ण खाली केल्यावर थांबत असेल, तर ती इनपुटच्या बाजूने येत आहे.

अर्थिंगचे तत्त्व एकच आहे: फिल्टर भरणारा झटक्यांचा प्रवाह आणि नाजूक सिग्नलचा प्रवाह यांना एकाच तारेतून परतू देऊ नये. हाय-टेन्शन (एच.टी., म्हणजे उंच दाबाच्या पुरवठ्याच्या) वाइंडिंगचा मधला टॅप आधी पहिल्या कपॅसिटरच्या ऋण टोकाला स्वतंत्र तारेने जोडावा, चॅसिसमधून नव्हे. तिथून दुसऱ्या कपॅसिटरच्या ऋण टोकाला, मग आउटपुट व्हॉल्व्हच्या कॅथोड रेझिस्टरना, मग ईसीसी८३ च्या टप्प्याला आणि शेवटी इनपुट सॉकेटला अशी ओळ करावी. चॅसिसला हे सारे एकाच ठिकाणी, इनपुटच्या टोकाला जोडावे, आणि इनपुटची सॉकेटे चॅसिसपासून इन्सुलेट केलेली असावीत. जुन्या यंत्रांत जो भाग जिथे येईल तिथे जवळच्या स्क्रूला अर्थ दिलेला असतो. अशा यंत्रात हा एकच बदल केला तरी घरघर इतकी उतरते की बाकी काही करण्याआधी तो करून पाहावा.

हीटरच्या दोन तारा घट्ट पिळून चॅसिसच्या कोपऱ्यातून न्याव्यात आणि सॉकेटवर काटकोनात आणाव्यात. वाइंडिंगला मधला टॅप नसेल, तर दोन्ही तारांपासून १०० ओमचा एकेक रेझिस्टर घेऊन त्यांचा मध्यबिंदू तयार करावा. तो मध्यबिंदू सरळ अर्थला न जोडता एच.टी.वरून दोन रेझिस्टरच्या साहाय्याने काढलेल्या ३० ते ४० व्होल्टच्या बिंदूला जोडला आणि त्या बिंदूवर अर्थकडे ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दिला, की हीटर कॅथोडपेक्षा धन बाजूला राहतो आणि हीटरकडून कॅथोडकडे झिरपणारी घरघर थांबते. ईएल८४ ची हीटर आणि कॅथोडमधली मर्यादा १०० व्होल्टची आहे, तेव्हा ४० च्या पुढे जाण्याचे कारण नाही.

ग्रिडचे स्टॉपर रेझिस्टर सॉकेटच्या पिनेलाच सोल्डर करावेत, टॅग-स्ट्रिपवर नव्हे. ईएल८४ च्या दुसऱ्या पिनेवर १ ते ४.७ किलोओम आणि नवव्या पिनेवर, म्हणजे स्क्रीनला, १०० ओम ठेवावेत. यांच्याअभावी व्हॉल्व्ह कानाला न ऐकू येणाऱ्या वारंवारतेवर आंदोलन करू लागतो आणि मालकाला फक्त प्लेट लाल झालेली दिसते.

कार्यबिंदू

आता उदाहरणातील यंत्राच्या मूळ दुखण्याकडे येऊ. डायोड बसवल्यामुळे ईएल८४ च्या प्लेटवर २८५ व्होल्ट आहेत आणि कॅथोडच्या १५० ओमच्या रेझिस्टरवर ८.१ व्होल्ट मिळतात. भागाकार केला की कॅथोडचा प्रवाह ५४ मिलिअँपिअर येतो. त्यातला सुमारे ६ मिलिअँपिअर स्क्रीनचा. उरलेला ४८ प्लेटचा. प्लेट आणि कॅथोडमध्ये २७७ व्होल्ट असल्याने प्लेटवर १३.३ वॅट उष्णता होते, आणि या व्हॉल्व्हची मर्यादा १२ वॅटची आहे. व्हॉल्व्ह लवकर का जात होते याचे उत्तर इथे मिळते. त्यात व्हॉल्व्हच्या कंपनीचा काही दोष नव्हता.

प्लेटचा प्रवाह अंदाजाविना काढण्याचाही मार्ग आहे. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचा लिहून ठेवलेला रोध ३०० ओम असेल आणि चालू स्थितीत तिच्या दोन टोकांमध्ये १४.४ व्होल्ट पडत असतील, तर प्रवाह ४८ मिलिअँपिअर झाला. हे मोजमाप पूर्ण एच.टी.वर होत असल्याने यंत्र बंद असताना मीटरच्या क्लिपा अडकवाव्यात, चालू करून आकडा वाचावा, पुन्हा बंद करून, दाब उतरल्यावरच क्लिपा काढाव्यात.

उपाय साधा आहे. कॅथोडचा रेझिस्टर १८० ओम, किमान २ वॅटचा लावून पुन्हा मोजावे. कॅथोडचा प्रवाह ४८ च्या आसपास आला, तर प्लेटवरची उष्णता पावणेबारा वॅटच्या खाली येते. आणखी सैल ठेवायचे असेल तर २०० ओम लावावा. शक्तीत होणारी घट कानाला कळणार नाही. प्रत्येक ईएल८४ ला स्वतंत्र कॅथोड रेझिस्टर असावा आणि त्याला समांतर जोडलेला बायपास कपॅसिटर ५० व्होल्टचा असावा, म्हणजे व्हॉल्व्ह बिघडला तरी तो फुटणार नाही. पुश-पुल, स्थिर बायस असलेल्या (ग्रिडला वेगळा ऋण दाब दिलेल्या) यंत्रात मात्र मर्यादेच्या ७० टक्क्यांच्या आसपास थांबावे.

ईसीसी८३ चे काम यामानाने सोपे आहे. २५० व्होल्टचा पुरवठा, १०० किलोओमचा प्लेट रेझिस्टर आणि दीड किलोओमचा कॅथोड रेझिस्टर असेल, तर प्लेटवर १६० ते १८० आणि कॅथोडवर १.३ व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत. जुने कार्बन कॉम्पोझिशनचे रेझिस्टर वयानुसार मूल्याने वाढतात आणि सुरसुर करतात; प्लेटच्या जागी मेटल फिल्मचे १ किंवा २ वॅटचे घालावेत. पाव वॅटचा रेझिस्टर उष्णतेच्या हिशेबात बसला तरी त्याची दाबाची मर्यादा बहुधा २५० व्होल्टचीच असते.

कपलिंग कपॅसिटर

ईसीसी८३ चा सिग्नल ईएल८४ च्या ग्रिडपर्यंत नेणाऱ्या या कपॅसिटरमध्ये महत्त्व किमतीपेक्षा गळतीला आहे. जुन्या कागदी कपॅसिटरमधून थोडा जरी डीसी झिरपला, तरी आउटपुट व्हॉल्व्हची ग्रिड धन होते आणि प्रवाह वाढत जातो. तपासण्यासाठी यंत्र बंद करून ईएल८४ काढावेत, चालू करावे आणि त्यांच्या सॉकेटच्या दुसऱ्या पिनेवर डीसी दाब पाहावा. भार गेल्यामुळे या वेळी एच.टी. नेहमीपेक्षा वर चढलेले असते, हे ध्यानात ठेवावे. आकडा शून्याजवळ हवा. काही दशांश व्होल्ट दिसले तरी कपॅसिटर बदलावा. ६३० व्होल्टचा चांगला पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर पुरतो. ४७० किलोओमच्या ग्रिड-लीकबरोबर (ग्रिडपासून अर्थला जोडलेल्या रेझिस्टरबरोबर) ०.१ मायक्रोफॅरड खाली ३.४ हर्ट्झपर्यंत जातो आणि ०.०२२ मायक्रोफॅरड १५ हर्ट्झपर्यंत. याहून मोठा घेतल्यास लाभ नाही. उलट मोठ्या आवाजानंतर व्हॉल्व्ह सावरायला वेळ लागतो आणि फीडबॅक असलेल्या यंत्रात फट्-फट् असा मंद ठोका सुरू होऊ शकतो.

फीडबॅक

ईएल८४ ला पूर्ण शक्तीसाठी ग्रिडवर सुमारे ४.३ व्होल्ट लागतात आणि ईसीसी८३ चा टप्पा सिग्नल पन्नासपटींहून अधिक वाढवतो, म्हणून इनपुटला ०.०८ व्होल्ट पुरतात. आजची बहुतेक साधने २ व्होल्ट देतात. परिणामी आवाजाचे बटण पहिल्या पावावरच अडकून राहते. ही जास्तीची वाढ फीडबॅकमध्ये (आउटपुटचा थोडा भाग उलट करून पहिल्या टप्प्याला परत देण्यात) खर्च करणे हा मला सर्वांत चांगला मार्ग वाटतो, कारण पेंटोडचा, म्हणजे ईएल८४ सारख्या पाच इलेक्ट्रोडच्या व्हॉल्व्हचा, आउटपुट रोध मोठा असतो आणि फीडबॅकविना तो स्पीकरच्या शंकूला आवरू शकत नाही. सेकंडरीवरून एका रेझिस्टरमार्फत ईसीसी८३ च्या कॅथोडला जोड द्यावी. त्यासाठी कॅथोडचा बायपास कपॅसिटर काढावा लागतो, किंवा दीड किलोओमखाली १०० ओमचा एक वेगळा रेझिस्टर ठेवून त्या सांध्यावर फीडबॅक आणावा लागतो. १२ डेसिबल फीडबॅकने वाढ चौपट घटते, आणि पूर्ण शक्तीसाठी इनपुटला सुमारे ०.३२ व्होल्ट लागू लागतात.

स्क्रीनला ट्रान्सफॉर्मरच्या टॅपवर जोडण्याचाही पर्याय आहे. ब्रिटिश अभियंते ॲलन ब्लमलाइन यांनी १९३७ मध्ये त्याचे पेटंट घेतले, आणि १९५१ मध्ये अमेरिकेतील हाफ्लर व केरोस यांनी तो अल्ट्रा-लिनियर या नावाने लोकप्रिय केला. तसा टॅप असलेला ट्रान्सफॉर्मर हाती असेल तर जरूर वापरावा. निव्वळ त्यासाठी चांगला ट्रान्सफॉर्मर टाकू नये.

फीडबॅक शेवटी जोडावा. आधी त्याच्याविना यंत्र शांत आणि स्थिर चालते याची खात्री करावी, मग डमी लोड (स्पीकरच्या जागचा रेझिस्टर) लावून सेकंडरीवरचा एसी दाब पाहत जोड द्यावी. छोटा सिग्नल देऊन जोड दिल्यावर आकडा घटला तर दिशा बरोबर आहे. वाढला किंवा यंत्र ओरडू लागले, तर लगेच बंद करून सेकंडरीच्या दोन तारा अदलाबदल कराव्यात. ऑसिलोस्कोप मिळत असेल तर १० किलोहर्ट्झची चौकोनी लहर पाहावी. तिच्या कोपऱ्यावर अनेक लाटा उठत असतील, तर फीडबॅक रेझिस्टरला समांतर काही शे पिकोफॅरडचा कपॅसिटर जोडून, त्याचे मूल्य बदलत, लाटा एक-दोनवर आणाव्यात. शेवटी १ किलोहर्ट्झवर शक्ती तपासावी: ८ ओमच्या भारावर ६.३ व्होल्ट मिळत असतील आणि लहरीची टोके कापली जात नसतील, तर यंत्र ५ वॅट देत आहे, आणि एका ईएल८४ कडून याहून फारसे अधिक मागू नये.

पुनर्बांधणीनंतर पहिल्या काही तासांच्या वादनात नवे कपॅसिटर आणि व्हॉल्व्ह स्थिरावतात, म्हणून त्यानंतर कॅथोडवरचे दाब पुन्हा मोजावेत आणि दोन चॅनेलमध्ये मोठा फरक आढळल्यास आउटपुट व्हॉल्व्ह अदलाबदल करून पाहावेत. फरक व्हॉल्व्हबरोबर सरकला तर व्हॉल्व्ह कारण आहे. जागेवरच राहिला तर त्या चॅनेलचा कपलिंग कपॅसिटर किंवा ग्रिड-लीक पुन्हा तपासावा. नवा नकाशा आणि दाबांचा अंतिम तक्ता तारखेसह लिहून चॅसिसच्या तळपत्र्याच्या आतल्या बाजूला चिकटवावा, म्हणजे पुढच्या वेळी पेटी जो कोणी उघडेल त्याला तुलना करण्यासाठी आकडे तिथेच मिळतील.